गोचीड गाईवर कमी, गोठ्यात जास्त : ओळख, गोचीड ताप आणि तीन फवारण्यांचा हिशोब

पाऊस पडून आठ-पंधरा दिवस झाले की गावोगावच्या गोठ्यांत एकच तक्रार ऐकू येते. गाय अंग घासते, शेपटी सारखी आपटते, कासेवर गोचिडांचे घोस लटकलेले दिसतात. औषध आणून फवारलं तर आठ दिवस बरं वाटतं आणि पुन्हा तेच. मग औषध डुप्लिकेट आहे म्हणून दुकानदाराच्या नावाने ओरड होते. कधी औषधाचा दोषही असतो. पण बहुतेक वेळा चूक दुसरीकडेच असते. डोळ्यांना दिसणारे गोचीड गाईवर असतात, पण त्यांची अंडी आणि पिल्लं गोठ्याच्या भेगांत, गव्हाणीखाली आणि उकिरड्याच्या कडेला असतात. फवारणी गाईवरच होते आणि गोठा तसाच राहतो.

अहिल्यानगर जिल्ह्यात संगमनेर, राहाता, राहुरी, श्रीरामपूर या पट्ट्यात दुधाच्या पगारावर घर चालवणारी हजारो कुटुंबं आहेत. लाखाच्या घरातली गाय गोचीड तापाने दगावली तर ते कुटुंब वर्षभर सावरत नाही. म्हणून गोचीड वाढतो कसा, ताप ओळखायचा कसा आणि फवारणी कधी करायची, याची माहिती एकत्र देत आहोत.

गोचीड वाढतो कसा?

गोचीड हा कोळी आणि विंचवाच्या कुळातला रक्तपिपासू जीव आहे. त्याच्या चार अवस्था असतात. अंडं, सहा पायांचं बारीक पिल्लू, आठ पायांचं मोठं पिल्लू आणि पूर्ण वाढलेला गोचीड. रक्त पिऊन टम्म झालेली मादी एरंडाच्या बीसारखी दिसते. ती जनावरावरून आपोआप खाली पडते, भेग किंवा ओलसर आडोसा शोधते, तिथे अंडी घालते आणि मरते.

एक मादी साधारण 2 ते 3 हजार अंडी घालते. म्हणजे गाईवरून शंभर माद्या खाली पडल्या तर गोठ्यात दोन-तीन लाख अंडी झाली. उबदार, दमट हवेत दोन-तीन आठवड्यांत ती फुटतात. बाहेर आलेली पिल्लं मोहरीपेक्षाही बारीक असतात, सहज दिसत नाहीत. ती गवताच्या टोकावर, भिंतीवर, दाव्यावर बसून जनावराची वाट बघतात. रक्त मिळालं नाही तरी काही आठवडे, हवामान जुळलं तर काही महिनेसुद्धा जिवंत राहतात. त्यामुळे महिनाभर रिकामा ठेवलेला गोठाही गोचीडमुक्त झाला असं समजू नये.

आपल्याकडच्या दोन मुख्य जाती

पहिली जात राइपिसेफॅलस मायक्रोप्लस, जुन्या नावाने बूफिलस. पाय आखूड, फुगलेली मादी करड्या-निळसर रंगाची. पिल्लू अंगावर चढल्यापासून मादी फुगून खाली पडेपर्यंत साधारण 21 दिवस ही एकाच जनावरावर असते. पावसाळ्यात आणि त्यानंतर हिचा जोर दिसतो.

दुसरी जात हायलोमा. पाय लांब, त्यावर फिकट पट्टे, चाल जोरात. ही मधेच जनावर सोडून खाली उतरते, भिंतीच्या फटीत कात टाकते आणि पुन्हा रक्तासाठी वर चढते. थायलेरिओसिस, म्हणजे गावात ज्याला प्रामुख्याने 'गोचीड ताप' म्हणतात, तो हीच जात पसरवते. दगड-मातीच्या भिंती, पत्र्याखालच्या लाकडी वाशांच्या फटी, तुटलेला कोबा ही हिची घरं. उन्हाळ्यातही ही थांबत नाही. म्हणून गोचीड फक्त पावसाळ्याचा प्रश्न आहे, हा समज सोडावा लागेल.

नुकसान किती?

एक मादी पूर्ण फुगेपर्यंत साधारण अर्धा ते दोन मिलिलिटर रक्त पिते. दोन-चार गोचिडांनी मोठ्या गाईला फार फरक पडत नाही. अंगावर शेकड्याने असतील तर मात्र रक्त कमी होतं, डोळ्याची आतली कडा पांढरी पडते, गाय खात नाही, दूध घटते. कालवडी वाढत नाहीत, माजावर उशिरा येतात. चावलेल्या जागी जखम होऊन माशी बसते आणि आसड्या पडतात. कास आणि सडांवर गोचीड असतील तर गाय धार काढू देत नाही.

पण खरा धोका रक्त पिण्यापेक्षा रक्तातून जाणाऱ्या रोगाचा आहे. संकरित गाय यात आधी सापडते. 1967 साली उरुळीकांचनला मणिभाई देसाई यांनी बायफ संस्था सुरू केली आणि पुढच्या काळात जर्सी, होल्स्टिन रक्ताच्या गाई राज्यात गावोगाव आल्या. दूध वाढलं, पण या विदेशी रक्ताला इथल्या गोचिडाची आणि त्याच्या रोगाची पिढ्यानपिढ्यांची सवय नाही. अकोल्याच्या डोंगरातली डांगी किंवा सोलापूर-सांगलीकडची खिल्लार गोचीड तापात बऱ्याचदा तरून जाते, तिथे एचएफ गाय चार दिवसांत बसते. देशी जनावराला रोग होतच नाही असं मात्र नाही.

तीन रोग, तीन ओळखी

थायलेरिओसिस. गोचीड चावल्यावर साधारण एक ते तीन आठवड्यांत लक्षणं दिसतात. ताप 104 ते 107 फॅरनहाइटपर्यंत चढतो. खांद्याच्या पुढे आणि मागच्या मांडीच्या पुढे कातडीखाली असलेल्या गाठी सुजतात, हाताला लिंबाएवढ्या किंवा त्याहून मोठ्या लागतात. डोळ्यांतून पाणी येतं, गाय धापा टाकते, दूध एकदम खाली येतं. पुढे रक्त कमी होतं, कधी कावीळ होते. लहान वासरांत डोळे बाहेर आल्यासारखे दिसू शकतात.

बबेसिओसिस. यातही जोराचा ताप असतो, पण मोठी खूण लघवीची. लघवी लाल किंवा कोऱ्या चहा-कॉफीसारखी होते. गावात याला लाल लघवीचा रोग म्हणतात. वासरांपेक्षा मोठ्या संकरित गाईंना हा जास्त जोरात होतो.

अ‍ॅनाप्लाज्मोसिस. ताप, झपाट्याने रक्त कमी होणं, कावीळ, शेण घट्ट होणं ही लक्षणं. लघवी लाल होत नाही. हा रोग गोचिडाबरोबरच चावणाऱ्या माश्यांनी आणि एकच सुई अनेक जनावरांना टोचल्यानेही पसरतो. म्हणून प्रत्येक जनावराला नवीन सुईच वापरायला सांगा.

ही लक्षणं एकमेकांत मिसळतात, एकाच गाईत दोन रोगही असू शकतात. नक्की निदान रक्त तपासूनच होतं. कानाच्या शिरेतून रक्ताचा थेंब काचेच्या पट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. उपचाराआधी ही पट्टी घेतली तर निदान चांगलं होतं. ही सोय जिल्ह्याच्या ठिकाणच्या पशुवैद्यकीय प्रयोगशाळेत असते. राज्य पातळीवर पुण्यात औंधला पशुसंवर्धन विभागाचा रोग अन्वेषण विभाग आहे.

ताप आला तर पहिल्या दिवशी काय करायचं?

गाईचं नेहमीचं तापमान साधारण 101 ते 102 फॅरनहाइट असतं. प्रत्येक गोठ्यात एक साधा डिजिटल थर्मामीटर असलाच पाहिजे. तो गुदद्वारात घालून तापमान घ्यायचं आणि लिहून ठेवायचं. कानाला हात लावून ताप ओळखणं म्हणजे अंदाज झाला.

ताप 104 च्या वर असेल आणि गाईवर गोचीड असतील, किंवा गेल्या महिन्यात होते, तर त्याच दिवशी पशुवैद्यकाला बोलवा. डॉक्टरांना तीन गोष्टी सांगा : ताप किती आणि कधीपासून, लघवीचा रंग कसा, गाय गाभण आहे की किती दिवसांची व्यालेली. नुकत्याच व्यालेल्या गाईचा ताप 'व्याण्याचा असेल' म्हणून सोडून दिला जातो, आणि नेमकी तीच गाय हाताबाहेर जाते.

थायलेरिओसिसवर बुपार्व्हाक्वोन हे इंजेक्शन आहे. लवकर दिलं तर चांगलं काम करतं. रक्त फार कमी झाल्यावर दिलं तर औषध जंतूवर लागू पडूनही गाय वाचेलच असं नाही. बबेसिओसिसला डिमिनाझीन किंवा इमिडोकार्ब, अ‍ॅनाप्लाज्मोसिसला ऑक्सिटेट्रासायक्लीन वापरतात. म्हणजे रोगागणिक औषध वेगळं. नुसतं तापाचं इंजेक्शन दिलं तर ताप तासाभरात उतरतो, गाय वैरणीला तोंड लावते आणि घरचे निश्चिंत होतात. जंतू मात्र रक्तात वाढत राहतात. गोचीड तापातल्या कितीतरी गाई अशा वाया गेलेल्या दोन-तीन दिवसांमुळे जातात. इंजेक्शन मेडिकलमधून आणून घरीच टोचू नये. डोस वजनावर असतो.

सरकारी फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी 1962 हा टोल फ्री नंबर आहे. फोन करताना गाव, तालुका आणि जनावराची लक्षणं सांगा.

एक गोष्ट लक्षात ठेवा. थायलेरिओसिसमधून बरी झालेली गाय बाहेरून ठणठणीत दिसली तरी तिच्या रक्तात जंतू राहू शकतात. तिच्यावर वाढलेला गोचीड तो जंतू शेजारच्या गाईला देतो. म्हणून गाय बरी झाली की गोचिडाचं काम संपलं असं होत नाही.

फवारणी : गाय आणि गोठा एकाच दिवशी

नियम साधा आहे. गोठ्यातली सगळी जनावरं आणि गोठा, दोन्ही एकाच दिवशी. एक गाय फवारली आणि शेजारची म्हैस, बैल, कालवड सोडली तर गोचिडाला राहायला जागा मिळते.

जनावरांवर जास्त वापरली जाणारी औषधं आणि त्यांचं नेहमीचं प्रमाण असं :

- डेल्टामेथ्रिन 1.25 टक्के : एक लिटर पाण्यात 2 ते 3 मि.लि.
- अमिट्राझ 12.5 टक्के : एक लिटर पाण्यात 2 मि.लि.
- फ्लुमेथ्रिन 1 टक्का : पाण्यात न मिसळता पाठीच्या कण्यावर मानेपासून शेपटीपर्यंत ओतायचं, दर 10 किलो वजनाला 1 मि.लि.

टक्केवारी बदलली की प्रमाण बदलतं. म्हणून बाटलीवर लिहिलेलं प्रमाण आधी वाचा. वाचता येत नसेल तर घरातल्या शाळकरी पोराकडून वाचून घ्या. दूध किती दिवस वापरायचं नाही, गाभण गाईला चालतं का, हेही तिथेच असतं. अमिट्राझ घोड्याला अजिबात वापरू नये. डेल्टामेथ्रिन मांजराला आणि माशांना विषारी आहे, त्यामुळे उरलेलं पाणी ओढ्यात, शेततळ्यात ओतू नये.

फवारताना :

1. फवारणीआधी जनावराला पोटभर पाणी पाजा, म्हणजे ते अंग चाटायला जाणार नाही. अंग वाळेपर्यंत तोंडाला मुसकं बांधा.
2. सकाळी किंवा उन्हं उतरल्यावर फवारा. भर दुपारी किंवा पाऊस येण्याच्या बेतात असताना नको.
3. मोठ्या जनावराला 3 ते 5 लिटर पाणी लागतं. पाठ ओली करून उपयोग नाही. कास, जांघा, शेपटीचा बुडखा, पोळी, पायांच्या मधली जागा, मानेखाली नीट भिजली पाहिजे. कानाच्या आत फडक्याने पुसा. डोळे, तोंड, जखम सांभाळा.
4. आजारी, अशक्त जनावर आणि लहान वासरू डॉक्टरांना विचारूनच.
5. हातमोजे, तोंडाला फडकं, वाऱ्याच्या दिशेला पाठ. धार काढण्याआधी कास स्वच्छ धुवा.
6. तणनाशकाचा पंप वापरू नका. जनावरांसाठी वेगळा पंप ठेवा.

गोठ्यासाठी :

जनावरं बाहेर बांधा. वैरण, पेंड, पाण्याची भांडी काढा. शेण-गाळ खरवडून भेगा उघड्या करा. भिंती, फटी, गव्हाणीचा खालचा भाग, खुंट्याचा बुडखा, दारामागचा कोपरा गोचीडनाशकाने भिजवा. दावी-कासरेही त्यात बुडवून वाळवा. गोठा पूर्ण वाळेपर्यंत, शक्यतो एक दिवस, जनावरं आत घेऊ नका. मोकळ्या सोडलेल्या कोंबड्या गोचीड वेचून खातात, त्याचा फायदा आहे. फवारणीच्या दिवशी मात्र त्यांना कोंडून ठेवा. नंतर भेगा सिमेंटने बुजवा आणि भिंतींना चुना मारा. भेग बुजवण्याचा खर्च एकदाच होतो, औषधाचा दर वर्षी. उकिरडा गोठ्याला लागून असेल तर लांब हलवा.

तीन फवारण्यांचं वेळापत्रक

पहिली फवारणी अंगावरचे गोचीड मारते. अंड्यांवर औषधाचा फारसा परिणाम होत नाही. ती दोन-तीन आठवड्यांत फुटतात आणि नवी पिल्लं गाईवर चढतात. ती मोठी होऊन पुन्हा अंडी घालण्याआधी त्यांना गाठायचं असतं. म्हणून :

- पहिला दिवस : सगळी जनावरं आणि गोठा
- 15 वा दिवस : सगळी जनावरं आणि गोठा
- 30 वा दिवस : सगळी जनावरं आणि गोठा

तारखा गोठ्याच्या भिंतीवर खडूने किंवा कॅलेंडरवर लिहा. दुसऱ्या फवारणीच्या वेळी गोचीड दिसत नाहीत म्हणून ती टाळली जाते आणि तिथेच सगळा खर्च वाया जातो. नंतर दर आठवड्याला कान, कास आणि शेपटीखाली हात फिरवून पाहणी करा. शेजारच्या दोन-चार गोठ्यांनी एकाच आठवड्यात फवारणी केली तर गुण जास्त दिवस टिकतो, कारण बांधावरचं गवत आणि चरायची जागा एकच असते.

औषध लागू का पडत नाही?

कमी प्रमाणात, अर्धवट भिजवून आणि वर्षानुवर्षं एकच औषध मारलं की मरायचे ते कमकुवत गोचीड मरतात. टिकाऊ उरतात आणि त्यांचीच पैदास होते. भारतात बऱ्याच भागांत डेल्टामेथ्रिनसारख्या औषधांना गोचीड असे निगरगट्ट झालेले आढळले आहेत. पूर्ण प्रमाणात, तीनही वेळा फवारूनही गोचीड जिवंत राहत असतील तर डोस दुप्पट करू नका. डॉक्टरांना विचारून वेगळ्या गटाचं औषध घ्या. दुसऱ्या ब्रँडची बाटली आणली म्हणजे औषध बदललं असं होत नाही. बाटलीवरचं आतल्या घटकाचं नाव बघा.

आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन सोपं म्हणून सर्रास मागितलं जातं. त्याचा अंश दुधात उतरतो. दुभत्या गाईला ते देऊ नये. इतर जनावरांनाही डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यावं.

या चुका टाळा

कपाशी-भाजीपाल्यावरचं कीटकनाशक गाईला लावणं ही सगळ्यात महाग पडणारी चूक आहे. जनावराच्या तोंडाला लाळ सुटते, अंग थरथरतं, जुलाब होतात, श्वास अडकतो आणि काही तासांत जनावर जातं. असं झालंच तर अंग साबण-पाण्याने धुवा, ताबडतोब डॉक्टर बोलवा आणि औषधाची बाटली दाखवा. कोणतं विष आहे हे कळलं तरच योग्य उतारा देता येतो.

रॉकेल, डिझेल, जळकं ऑइल अंगाला लावल्याने कातडी भाजते, गाय ते चाटते. तेही नको.

गोचीड हाताने काढून गोठ्यातच टाकू नका, फुगलेली मादी तिथेच अंडी घालते. चिमट्याने कातडीलगत धरून ओढा आणि साबणाच्या किंवा रॉकेलच्या पाण्यात टाका. बोटांनी चिरडू नका. हायलोमा गोचिडामुळे माणसाला क्रायमियन-काँगो हा रक्तस्रावी ताप होऊ शकतो. 2011 साली शेजारच्या गुजरातमध्ये हा रोग आढळला होता. रोग क्वचित होतो, पण जीवघेणा आहे. हातमोजे घालणं, निदान प्लास्टिकची पिशवी हाताला बांधणं कठीण नाही. गोचीड चावल्यावर माणसाला ताप आला तर डॉक्टरांना गोचिडाचं जरूर सांगा.

घरगुती उपाय

राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने प्रसार केलेला एक पाला-मुळ्यांचा उपाय आहे. लसणाच्या 10 पाकळ्या, कडुनिंबाचा पाला 1 मूठ, लिंबोळ्या 1 मूठ, वेखंड 10 ग्रॅम, हळद 20 ग्रॅम, घाणेरीचा पाला 1 मूठ, तुळस 1 मूठ. सगळं वाटून एक लिटर पाण्यात मिसळायचं, गाळायचं आणि आठवड्यातून एकदा उन्हाच्या वेळी अंगावर आणि भेगांत मारायचं. गोचीड कमी असताना आणि तीन फवारण्या झाल्यावर पुन्हा वाढू नयेत म्हणून हा चांगला आहे. अंगावर शेकड्याने गोचीड असताना किंवा ताप आल्यावर यावर अवलंबून राहू नये.

बाजारातून आणलेली गाय

घोडेगाव, लोणीच्या बाजारातून किंवा परराज्यातून आणलेली गाय त्याच संध्याकाळी दावणीला बांधली जाते. तिच्याबरोबर गोचीड आणि रक्तातला जंतू दोन्ही येऊ शकतात. नवीन गाय 21 दिवस वेगळी बांधा, आल्या दिवशी फवारा, रोज ताप मोजा. जमलं तर रक्त तपासून घ्या. ऊसतोडीच्या हंगामात बाहेरून आलेल्या बैलांशेजारी आपली जनावरं बांधणंही टाळा.

लस आहे का?

थायलेरिओसिसवर लस आहे. संकरित जनावरांसाठी ती उपयोगी आहे. ती द्रव नायट्रोजनमध्ये साठवावी लागते, त्यामुळे साध्या मेडिकलच्या फ्रीजमध्ये मिळत नाही. गाभण गाईला देत नाहीत. दोन महिन्यांच्या पुढच्या कालवडींना देता येईल का, हे तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना किंवा दूध संघाच्या डॉक्टरांना विचारा. ही लस एकाच रोगावर आहे. बबेसिओसिस, अ‍ॅनाप्लाज्मोसिस आणि खुद्द गोचीड यांच्यावर तिचा उपयोग नाही, म्हणून लस दिली तरी फवारणी सुटत नाही.

थोडक्यात

सगळी जनावरं आणि गोठा एकाच दिवशी, 15 दिवसांच्या अंतराने तीन वेळा. भेगा बुजवा, चुना मारा. गोठ्यात थर्मामीटर ठेवा. ताप 104 च्या वर गेला किंवा लघवी लाल झाली तर उद्याची वाट न बघता डॉक्टरांना किंवा 1962 ला फोन करा. आणि आज संध्याकाळी धार काढून झाल्यावर बॅटरी घेऊन गव्हाणीखालच्या भेगा एकदा बघा. किती औषध लागणार याचा अंदाज तिथेच येईल.